घरून केलेल्या कामाचा हिशेब कसा लावायचा

कोविडची महासाथ आली तेव्हा, मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या आयटी पार्कांमधून वेगळंच सामान बाहेर पडत होतं. लॅपटॉपवाल्यांचं ठीक होतं. बॅग खांद्याला लावली की निघाले. पण ज्यांचं काम टेबलावरच्या डेस्कटॉपवर चालायचं, त्यांचे सीपीयू आणि मॉनिटर कित्येक कंपन्यांनी गाड्यांत घालून घरी पोचवले. दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या कामांसाठीचे नियम त्याच महिन्यात सैल केले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बहुतेक अटी कायमच्याच काढून टाकल्या. म्हणजे जी परवानगी मिळवायला एरवी वर्षं गेली असती, ती काही दिवसांत हातात पडली.

तेव्हापासून एक वाद चालू आहे. मॅनेजर म्हणतो, घरून काम होत नाही. कर्मचारी म्हणतो, घरून मी जास्तच राबतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, हे एकेक पायरी उतरत पाहू. चाकणच्या कारखान्यातल्या, बँकेच्या काउंटरवरच्या किंवा रुग्णालयातल्या माणसाला घरून काम हा पर्यायच नव्हता, त्यामुळे हा सगळा हिशेब संगणकावर काम करणाऱ्यांपुरता आहे हे आधीच सांगून ठेवतो.

हिशेबाला बसण्यापूर्वी तीन रकाने वेगळे आखून घ्यावेत. पहिल्यात तास: आपण किती वेळ कामावर होता. दुसऱ्यात झालेलं काम: किती टिकिटं मिटवली, किती फायली हातावेगळ्या केल्या. टिकिट म्हणजे ग्राहकाने नोंदवलेली एक तक्रार किंवा मागणी. तिसरा रकाना या दोन्हींच्या भागाकारातून येतो: तासाला किती काम झालं. त्याला उत्पादकता म्हणायचं.

समजा आपण आठवड्याच्या 45 तासांत 45 टिकिटं मिटवत होता. घरून काम सुरू झाल्यावरही 45च मिटवता, पण त्यासाठी 54 तास लागतात. मॅनेजरच्या तक्त्यात काहीच हललेलं नाही. आपल्या अंगावर मात्र आठवड्याला नऊ तास जादा पडले आणि उत्पादकता सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. आता तीनपैकी कोणता आकडा पुढे करायचा, त्यावर बातमीचा मथळा ठरतो. वर्तमानपत्रांत आज ‘घरून काम उत्तम’ आणि उद्या ‘घरून काम फसलं’ असं छापून येतं, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

हे आकडे समजावण्यापुरते घेतले, पण वस्तुस्थिती यापासून फार लांब नाही. मायकेल गिब्स, फ्रीडरिके मेंगल आणि क्रिस्टोफ सीमरोथ या तीन अभ्यासकांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या 10,000 हून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या: महासाथीच्या आधीच्या आणि घरून काम सुरू झाल्यानंतरच्या. 2023 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की तास वाढले, काम किंचित घटलं आणि उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी घसरली. घरी मुलं असणाऱ्यांचे तास जास्त वाढले, कंपनीत जुने असणाऱ्यांचं त्यामानाने बरं चाललं. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग हे जादा तास गेले कुठे? आळसात नक्कीच नाही. त्या नोंदींत दिसतं ते असं, की मीटिंगांचा आणि एकमेकांशी जुळवून घेण्याचा वेळ वाढला, आणि मध्ये कुणी न टोकता सलग काम करता येईल असा वेळ बराच आटला.

हे कसं घडतं ते जवळून पाहू. ऑफिसात असताना आपण शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायचा, “अरे, हे बिल्ड का फेल होतंय?” अर्ध्या मिनिटात उत्तर मिळायचं. घरी काय होतं? आपण चॅटवर ‘हाय’ लिहिता. समोरचा कॉलवर असतो. वीस मिनिटांनी त्याचं ‘हाय, बोला’ येतं, तोवर आपण चहा टाकायला उठलेले असता. परत येऊन प्रश्न टाइप करता, स्क्रीनशॉट जोडता. तो म्हणतो, पाच मिनिटं कॉलवर येता का? कॉल पावणेचारला ठरतो. विषय स्वतःच्याही कानावर असावा म्हणून टीम लीड त्यात शिरतो, आणि कॉल संपताना म्हणतो की यावर उद्यापासून रोज सकाळी पंधरा मिनिटं बोलत जाऊ. अर्ध्या मिनिटाच्या प्रश्नाची अशी रोजची मीटिंग होऊन बसते.

इथे करण्यासारखं पहिलं काम साधं आहे. नुसत्या ‘हाय’वर थांबू नये. पहिल्याच संदेशात प्रश्न, आपण काय करून पाहिलं ते, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते, असं तिन्ही लिहावं. समोरच्याला सवड मिळाली की तो एका ओळीत उत्तर देऊन मोकळा होतो. सुरुवातीला हे जरा उद्धट वाटतं, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला लिहिताना. एक ‘नमस्कार सर’ आधी जोडा, पण त्याच संदेशात.

दुसरं काम सलग वेळ राखण्याचं. कॅलेंडरमध्ये रोज दीड-दोन तास ‘व्यस्त’ म्हणून अडवून ठेवता येतात. चूक होते ती अशी, की लोक सकाळी साडेनऊ ते साडेअकरा अडवतात आणि नेमक्या दहाच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, अपवाद करतात. मग त्या दोन तासांचे दोन तुकडे होतात आणि अवघड काम रात्री जेवणानंतर उघडलं जातं. टीमच्या ठरलेल्या बैठकांची वेळ आधी पाहावी आणि त्यांच्या पलीकडचा अखंड पट्टा अडवावा. अमेरिकी क्लायंट असेल तर संध्याकाळ हातची गेलेलीच असते, त्यामुळे हा पट्टा दुपारी बाराच्या आधीच सापडतो.

आता घराकडे वळू. या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग महासाथीच्या खूप आधीचा, 2010-11 मधला. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी काही कर्मचाऱ्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. त्यातले सुमारे 9 टक्के जास्त मिनिटं काम केल्यामुळे होते, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा घटल्या. उरलेले 4 टक्के मिनिटागणिक जास्त कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

2020 मध्ये हा 13 टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरला. बारीक अक्षरातला भाग मात्र फार कुणी वाचला नाही. त्यात भाग घेणाऱ्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं, नोकरीत किमान सहा महिने झालेले होते, आणि घरी काम करायला स्वतंत्र खोली असणं ही अट होती. आपल्याकडच्या वन बीएचकेत एकाचा स्टँडअप, दुसऱ्याचा क्लायंट कॉल, पोरीची ऑनलाइन शाळा आणि मागे कुकरची शिट्टी, हे त्या प्रयोगात नव्हतंच. आणखी एक गोष्ट: प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा दिली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली. घरून काम आपल्याला मानवतं की नाही हे त्यांना करून पाहिल्यावरच कळलं. असं ज्याने त्याने जुळवून घेतल्यावर फायदा जवळपास दुप्पट, 22 टक्क्यांवर गेला.

याच्या शेजारी चेन्नईचा प्रयोग ठेवला की चित्र पुरं होतं. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीच्या कामावर माणसं घेतली आणि कोण घरून काम करणार, कोण ऑफिसातून, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी निघाली. त्यातली दोन तृतीयांश तफावत पहिल्या दिवसापासून होती. उरलेली हळूहळू तयार झाली, कारण ऑफिसातले लोक काम लवकर शिकत गेले.

त्या अभ्यासातली खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना घरून काम करणं पसंत होतं, ते मुळात 12 टक्के वेगवान आणि जास्त अचूक होते. पण घरी बसवल्यावर ऑफिसच्या तुलनेत त्यांचंच काम 27 टक्क्यांनी घटलं. ऑफिस पसंत असणाऱ्यांचं 13 टक्क्यांनी. हुशार माणसं उलट का निवडतात? कारण निवड मोकळी नसते. घरी लहान मूल, आजारी सासू, कमी मिळकत, यामुळे ज्यांना बाहेर पडणं अवघड असतं त्यांनाच घर ‘पसंत’ असतं, आणि नेमकं तेच घर कामाच्या मध्ये येतं. ‘तिने स्वतःच वर्क फ्रॉम होम मागितलं होतं’ असं अप्रेझलच्या वेळी म्हणणाऱ्या मॅनेजरने हे आकडे एकदा पाहावेत. घरून काम मागणारी बाई कामात कच्ची आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. तिला पाळणाघर आणि घरापासून जवळचं ऑफिस मिळालं, तर ती कदाचित सगळ्यांच्या पुढे असेल.

तेव्हा घरून काम करण्याचं ठरवताना आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. दार लावून बसता येईल अशी जागा दिवसातले किती तास मिळते? त्या तासांत घरातली कामं दुसरं कोण बघतं? वीज आणि इंटरनेट गेलं तर दुसरी सोय काय? गावी जाऊन काम करणाऱ्यांनी तिसऱ्या प्रश्नाला हलकं घेऊ नये. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती.

इथे एक सावधगिरी. 2020 आणि 2021 चे आकडे वाचताना घरून काम आणि महासाथ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. शाळा बंद, मदतनीस बंद, सोसायटीत कुणी ना कुणी आजारी. एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत तर माणसं ऑक्सिजनच्या बेडसाठी फोन फिरवत फिरवत लॉगिन करत होती. त्या महिन्यांतली घसरण घरून कामाच्या खात्यावर टाकणं हा चुकीचा हिशेब आहे. आपल्या कामाची तुलना करायचीच असेल तर शाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतरच्या काळाशी करावी.

पुढची पायरी सर्वांत कमी दिसणारी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी: नव्यांचं शिकणं.

कॉलेजमधून थेट घरून कामाला लागलेल्या फ्रेशरचा विचार करा. त्याला काय येत नाही हे त्यालाही माहीत नसतं. ऑफिसात तो शेजारच्या अनुभवी माणसाचं फोनवरचं बोलणं ऐकतो, चुकीच्या क्लायंटला मेल गेल्यावर ती चूक कशी निस्तरली ते पाहतो, डब्याच्या वेळी हळूच विचारतो. घरी यातलं काहीच कानावर पडत नाही. तो प्रश्न टाइप करतो, ‘सर काय म्हणतील’ म्हणून खोडतो, आणि अर्धा दिवस इंटरनेटवर शोधत बसतो.

नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅले यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. ज्यांची पूर्ण टीम एकाच इमारतीत बसत होती, त्या नव्या इंजिनिअरांना विखुरलेल्या टीममधल्यांपेक्षा आपल्या कोडवर सहकाऱ्यांच्या सूचना जास्त मिळत. महासाथीत ऑफिसं बंद झाल्यावर हा फरक जवळपास उरला नाही. पण नाण्याची दुसरी बाजूही त्यांनी मांडली आहे: जवळ बसून शिकवणाऱ्या वरिष्ठांचं स्वतःचं काम कमी होत होतं.

आता गंमत पाहा. ऑफिस बंद झालं की वरिष्ठाची शिकवणी सुटते, त्याचं स्वतःचं काम वाढतं, आणि पहिल्या काही महिन्यांचा तक्ता चांगलाच दिसतो. तोटा होत असतो तो नव्या मुलाचा, आणि तो तक्त्यात उमटायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर कंपनीने ‘घरून काम यशस्वी’ असा अहवाल लिहून टाकलेला असतो. मघाच्या आयटी कंपनीत जुन्या लोकांचं बरं का चाललं, याचंही एक उत्तर इथे मिळतं. त्यांच्याकडे ऑफिसात जमवलेली शिदोरी होती.

अशीच गोष्ट टीमबाहेरच्या ओळखींची. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61,182 कर्मचाऱ्यांच्या 2020 च्या नोंदींवरून असं दिसलं, की घरून काम सुरू झाल्यावर आपल्या गटाबाहेरच्या लोकांबरोबर जाणारा सहकार्याच्या वेळेतला वाटा सुमारे 25 टक्क्यांनी घटला. आपल्याच टीमशी बोलणं होत राहतं. टेस्टिंगच्या, सेल्सच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलणं सुटतं.

यानंतर येतो संशय. मायक्रोसॉफ्टनेच 2022 मध्ये केलेल्या पाहणीत 87 टक्के कर्मचारी म्हणाले की आमचं काम नीट चालू आहे, आणि 85 टक्के वरिष्ठ म्हणाले की हायब्रिडमुळे कर्मचारी नीट काम करतात याची खात्री वाटणं अवघड झालंय. हायब्रिड म्हणजे काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून. भारतात त्याच वर्षी विप्रोने एकाच वेळी दुसऱ्या कंपनीचंही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं जाहीर केलं, आणि संशयाला निमित्त मिळालं.

संशय आला की पहारा येतो. चॅटमधला हिरवा ठिपका, माउस किती वेळ हलला याची नोंद, दर थोड्या वेळाने पडद्याचा फोटो. मग माणसं काय करतात? ठिपका हिरवा ठेवतात. माउस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात मिळतातच. ज्याची मोजणी होते ते वाढतं, आणि मोजणी हजेरीची असेल तर हजेरी वाढते; काम तिथल्या तिथे. आपण मॅनेजर असाल तर सोमवारी प्रत्येकाशी ठरवा की शुक्रवारपर्यंत नेमकं काय हातात पडायला हवं. ते कागदावर एका ओळीत लिहिता येत नसेल, तर अडचण कर्मचाऱ्याच्या घरात नाही, काम वाटण्यात आहे.

ऑफिसात परत बोलावण्याची कारणंही दर वेळी कामगिरीचीच असतात असं नाही. हिंजवडीतल्या बऱ्याच इमारती सेझमध्ये, म्हणजे निर्यातीसाठी करसवलत असलेल्या क्षेत्रात येतात. तिथल्या कंपन्यांना घरून काम देण्यासाठी केंद्राने जुलै 2022 मध्ये वेगळा नियम केला, 43-ए, आणि त्यात सुरुवातीला निम्म्या कर्मचाऱ्यांची मर्यादा होती. पुढे ती सर्वांपर्यंत वाढवली, पण आधी 31 डिसेंबर 2023 पर्यंतच; ही मुदत नंतर वाढवली गेली. 2023 मध्येच टीसीएससारख्या कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. आपल्याला आलेल्या मेलमध्ये ‘सहकार्य आणि संस्कृती’ असं लिहिलेलं असलं, तरी इमारतीचं भाडं आणि नियम हेही त्यामागे असू शकतात.

मग दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस ही विभागणी कितपत यशस्वी ठरते? याचं आजवरचं सर्वांत स्पष्ट उत्तर पुन्हा त्याच चिनी कंपनीने दिलं. तिचं नाव आता ट्रिप डॉट कॉम. 2021-22 मध्ये 1,612 पदवीधर कर्मचाऱ्यांपैकी विषम तारखेला जन्मलेल्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून कामाची मुभा दिली, सम तारखेवाल्यांना नाही. दोन वर्षांच्या रेटिंगमध्ये आणि बढत्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं, त्यातही महिला आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. प्रयोगाआधी मॅनेजरांचा अंदाज होता की काम 2.6 टक्क्यांनी घटेल. अनुभवानंतर तेच म्हणाले, 1 टक्क्याने वाढतं.

नोकरी सोडणं थांबलं याला कमी लेखू नये. जून 2022 च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये स्वेच्छेने सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण 28.4 टक्के होतं. चारांत एकाहून जास्त माणसं गेली की उरलेल्यांचं काम वाढतं, आणि नवा माणूस रुळेपर्यंत महिने जातात.

आपल्याकडे हायब्रिड फसतं ते मुख्यतः एका ठिकाणी: ज्याचा तो आपापला दिवस निवडतो. मग आपण वाकड पुलावरची गर्दी सोसून दीड तासाने पोचता, स्वाइप करता, आणि पाहता तर टीममधले चौघं घरी. दिवसभर कानात हेडफोन घालून, घरून झाले असते तेच कॉल ऑफिसच्या खुर्चीवरून करता. असा दिवस दोन्हीकडून तोट्याचा. टीमने ऑफिसचे दिवस एकच ठरवावेत; नव्या मुलांबरोबर बसणं, डिझाइनची चर्चा, दुसऱ्या विभागाची गाठ त्या दिवशी ठेवावी. अहवाल लिहिणं, कोड लिहिणं, हिशेब जुळवणं घरच्या दिवसांसाठी राखावं.

आपल्या बाबतीत काय घडतंय हे पाहायचं तर चार आठवडे एक वही ठेवा. रोज कामाचे तास, झालेलं काम, सलग मिळालेला वेळ आणि तो दिवस घरचा होता की ऑफिसचा, एवढंच लिहायचं. एखाद्या दिवसावरून निष्कर्ष काढू नका. मुलाला ताप होता की क्लायंटची डेडलाइन होती, हे समासात टिपून ठेवा. ही वही अप्रेझलचा फॉर्म उघडण्याआधी मॅनेजरला दाखवली तर बोलणं हिरव्या ठिपक्यावरून कामाकडे वळवता येतं.

आणि आपण वरिष्ठ असाल, तर नव्यांना शिकवण्यात गेलेला वेळ त्यात वेगळा मांडा. तो टिकिटांच्या आकड्यात कधीच दिसत नाही, उलट आपला आकडा खाली ओढतो. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसला तर ‘इतर योगदान’ या चौकटीत लिहा: कुणाला, कोणत्या महिन्यात, काय शिकवलं, आणि ते काम आता तो एकटा करतो का.